पहिल्या धुराचा मान

पोरगी काय करते, असं कुणी विचारलं की सहादू विधाते आधी खाकरायचे. सुरुवातीला त्यांनी सांगून पाहिलं, "हवामानात आहे." झालं! पिंपळगावच्या बाजाराला निघालेला जो तो त्यांना अडवून विचारू लागला, की आप्पा, उद्या उघडीप राहील का? एका फाल्गुनात गारा पडल्या, तर दोघे जण चक्क घरी येऊन बोलून गेले, "तुमच्या पोरीला ठाऊक असंल ना? एक फोन करता येत नव्हता?" मग आप्पांनी उत्तर बदललं. "मानसशास्त्र शिकली आहे," म्हणू लागले. त्यावर शेजारगावचा एक पाहुणा आपल्या अबोल मेहुण्याला गाडीत घालून दारात घेऊन आला. मेहुण्याने दोन कप चहा घेतला, एक शब्द न बोलता, आणि निघून गेला.

खरं उत्तर हर्षालीने एकदा जेवताना दिलं होतं.

"आप्पा, माणसाला कळत असतं, तरी तो तसं वागत नाही. का वागत नाही, ते शोधायचं. आता पृथ्वी तापतेय हे सगळ्यांना माहितीये, पण..."

"ह्याचा पगार देतात?"

"देतात."

"मंग तुझ्या आईलाबी द्यायला पाह्यजे होता," आप्पा म्हणाले. "मी असा का वागतो, हेच शोधू राह्यली ती लग्नापासून."

लताबाईंनी त्यांच्या ताटात भाकरी जरा जोरातच टाकली.

हर्षाली शिकली ती आंबेतळ्याच्या मराठी शाळेत, मग पिंपळगावच्या कॉलेजात, मग नाशिकला. एम.ए. झाल्यावर पुण्याला जाऊन वर्तनशास्त्र शिकून आली आणि गंगापूर रोडवरच्या एका संस्थेत लागली. खाली पैठण्यांचं दुकान, वर हवामानबदलाचं संशोधन. माणूस कशाने भुलतो हे खालच्यांना न शिकता कळायचं. वरच्यांना त्यासाठी सर्वेक्षण करावं लागायचं. संस्थेच्या प्रमुख साधना मॅडम. त्यांनी हर्षालीच्या हाती काम दिलं ते द्राक्षाच्या काड्यांचं.

ज्यांनी द्राक्ष फक्त खाल्लंय त्यांच्यासाठी सांगायला हवं. पावसाळा सरत आला की बागेची छाटणी होते. कापलेल्या काड्यांचे बांधावर ढीग लावायचे, काही दिवस वाळू द्यायचे आणि एका संध्याकाळी पेटवायचे. एकाने पेटवलं तर ती शेकोटी. तालुक्याने पेटवलं, की ओझरला उतरणाऱ्या विमानाने जमीन कुठे आहे ते विचारत यावं, असा धूर. त्याच काड्यांची कुट्टी करून मातीत घातली तर मातीचं पोट भरतं आणि हवा सुटते. ट्रॅक्टरमागं चालणारं कुट्टीचं यंत्र आंबेतळ्याच्या शेतकरी गटाकडे होतंही. आलं त्या दिवशी त्याची पूजा झाली, पेढे वाटले, फोटो निघाला. त्यानंतर त्याच्यावर कोंबड्या बसत.

म्हणजे यंत्र होतं, माहिती होती, फायदा पटलेला होता. तरी धूर होताच. हर्षालीपुढचा प्रश्न एवढाच.

अभ्यासाला गावं कुठली घ्यायची ते चिठ्ठ्या टाकून ठरलं, आणि चिठ्ठीत नेमकं आंबेतळं निघालं. साधना मॅडमनी तिला समोर बसवून घेतलं.

"गाव बदलता येणार नाही. पण एक नियम. तुझ्या घरात तू संशोधक नाहीस. घरी या विषयावर एक शब्द काढायचा नाही. तू सांगितलंस आणि वडिलांनी ऐकलं, तर आपला उपाय लागू पडला की लेकीची माया, हे कसं कळणार?"

"मॅडम, आमचे आप्पा माझं ऐकतील ही भीती तुम्ही मनातून काढूनच टाका," हर्षाली म्हणाली. पण नियम तिने पाळला.

पहिल्या वर्षी संस्थेने सगळीकडे करतात तेच केलं. फलक लावले, सभा घेतली. लोकांनी मिसळ खाल्ली, माना डोलावल्या, "ताई लय भारी बोलल्या" म्हणाले आणि घरी जाऊन काड्या पेटवल्या. 'वसुंधरा वाचवा' लिहिलेल्या एका फलकाचं बहिरूनानांनी विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीवर छप्पर केलं. हे नाना म्हणजे आप्पांचे चुलतभाऊ आणि गावातले त्यांचे कायमचे प्रतिस्पर्धी.

"काय बी म्हण हर्षाली," नाना म्हणाले, "परतीच्या पावसात मोटार वाचली. वसुंधरेचं पुढच्या वर्षी बघू."

त्या हंगामात हर्षाली घरी आली होती. संध्याकाळी गच्चीवर आप्पांसोबत चहा घेत बसली. आप्पांचे ढीग आदल्या दिवशीच पेटून गेले होते. गावात पहिला धूर त्यांचा, दरसालच. आधी त्यांच्या वडिलांचा असायचा. आता बाकीच्यांचे धूर एकेक करून वर चढत होते आणि आप्पा ते वाचत होते. अगदी पेपर वाचावा तसे.

"देवळामागं निघाला ना, त्यो नानाचा. मागं पडला यंदा. छाटणीची टोळी धड मिळाली नसंल. आन त्यो बारका बघ, शेखरचा. निम्मीच बाग छाटली त्यानं, बाकी ठिवली. अन् हा पांढरा कोणाचा? ओल्याच पेटवल्या वाटतं. घाई झाली असंल, सासरा येणार हे त्याचा."

हर्षालीच्या हातातला चहा तसाच राहिला. गावभर फिरून तिने लोकांना विचारलं होतं, काड्या का जाळता? कुणी म्हणालं रोग जातो, कुणी म्हणालं जागा मोकळी होते, कुणी म्हणालं बाप जाळायचा. आणि इथे तिचा बाप न विचारता साधी गोष्ट सांगत होता. काड्या संपवायला म्हणून कुणी जाळतच नव्हतं. माझी छाटणी उरकली, मी वेळेत आहे, बघा, हे गावाला सांगायचं होतं. आणि ते सांगायला आकाशाएवढा फलक फुकट मिळत होता. त्यापुढे संस्थेचा फलक म्हणजे मोटारीच्या पेटीचं छप्परच.

तो धूर काढून घ्यायचा, तर मिरवायला दुसरं काहीतरी द्यायला हवं होतं. काय द्यायचं, ते तिला कुठल्या शोधनिबंधात नाही, पिंपळगावच्या एका मंगल कार्यालयात सापडलं.

आमच्याकडच्या लग्नात मुहूर्त टळला तर चालतो, नाव पुकारायचं टळलेलं चालत नाही. माइकवर झुंबर असतो. पंचक्रोशीतलं एकही लग्न त्याच्या आवाजाशिवाय लागत नाही. "वधूवरांस शुभाशीर्वाद देण्यासाठी आवर्जून उपस्थित, विकास सोसायटीचे माजी चेअरमन..." असं तो सुरू करतो, तेव्हा मांडवातला प्रत्येक माजी चेअरमन टोपी नीट करतो. नाव राहिलं म्हणून भरल्या ताटावरून उठलेली माणसं हर्षालीने लहानपणापासून पाहिली होती. त्यांतली निम्मी तिचीच नातेवाईक.

तिने पंगतीत बसल्या बसल्या मॅडमना फोन लावला. जो काड्यांची कुट्टी करेल त्याचं नाव त्याच संध्याकाळी मारुतीच्या देवळावरच्या भोंग्यावरून झुंबर पुकारणार. त्याआधी घरोघर जाऊन प्रत्येकाला रीतसर सांगून यायचं.

"एवढंच?" मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, तुम्ही आमच्याकडच्या लग्नाला आलेल्या नाहीत."

दुसऱ्या वर्षीची छाटणी आली. घरोघर जाण्याचं काम रविराजकडे होतं. हा तिचा सहकारी, ओझरच्या विमान कारखान्याच्या वसाहतीत वाढलेला. बोलायला गोड, पण गावकी त्याला पुस्तकातूनच ठाऊक. आधार म्हणून सोबत झुंबर. दोघे गाव फिरून आले, यंत्रावरच्या कोंबड्या उठवल्या गेल्या, आणि भोंगा सुरू झाला.

दुसऱ्याच संध्याकाळी घोळ झाला. रविराजने झुंबरला नावं लिहून दिली ती वर्णानुक्रमाने, आणि पुढेमागे काही न लावता. सगळे शेतकरी समान, अशी त्याची भावना. झुंबरने आधी शेखरचं नाव वाचलं, मग बहिरूनानांचं, तेही नुसतं 'बहिरू विधाते'. नातवाच्या वयाच्या पोराच्या पाठीमागे, आणि तेही उघडंबोडकं! रविराजचा वर्णानुक्रमसुद्धा चुकलाच होता म्हणा, पण नानांना त्याचं काही नव्हतं. सकाळ होताच ते काडेपेटी घेऊन थेट मागच्या बागेत गेले. तिथल्या काड्या अजून बाकी होत्या.

हर्षाली स्कूटी घेऊन पाठोपाठ पोचली. तिला समजवायला पुस्तक लागलं नाही.

"नाना, तुमचं नाव काल पुकारलंच नाही."

"पुकारलं की! साऱ्या गावानं ऐकलं!"

"ती नुसती तालीम होती. सोसायटीचे माजी चेअरमन, भजनी मंडळाचे आधारस्तंभ बहिरूनाना विधाते यांचं नाव आज पुकारणार आहेत. मागच्या बागेसकट."

नानांनी काडेपेटी खिशात ठेवली. "आधारस्तंभ आधी घ्या म्हणावं," ते म्हणाले, "चेअरमनकी काय, आज हाय उद्या नाय."

त्या दिवसापासून नावं वयाने आणि मानाने पुकारली जाऊ लागली. तरीही पुकारलेली नावं थोडीच होती. बाकीचे ढीग बांधावर वाळत पडले होते, आणि त्यांचे मालक एकाच दिशेने बघत होते. सहादू विधातेंच्या बांधाकडे. त्यांची छाटणी नेहमीप्रमाणे सगळ्यांत आधी झाली होती. ढीग कडकडीत वाळले होते. आप्पा ना यंत्राला हाक मारत होते, ना काडी ओढत होते.

पारावर बोलणं उघड होतं. "पोरगी धूर मोजती, बाप धूर करतो. त्याच्या घरातून काय निघतं ते बघू, मंग आपलं."

हर्षालीला हे कळत होतं. आप्पांनी काडी ओढली की त्याच संध्याकाळी गाव ओढणार, आणि तिची दोन वर्षांची मेहनत सगळ्यांना दिसेल अशी आभाळात जाणार. संस्थेचं काम त्यामुळे थांबलं नसतं. मॅडम म्हणाल्या असत्या, न लागू पडलेला उपाय हाही निष्कर्षच. पण आपल्या गावाला आपण ओळखतो, हा तिचा अभिमान त्या ढिगावर होता. आणि नियम असा, की त्या ढिगाविषयी बापाला चकार शब्द विचारायचा नाही.

तिसऱ्या प्रहरी आप्पा दुकानातून आले ते नवी काडेपेटी घेऊन. ती त्यांनी खिडकीत, सगळ्यांना दिसेल अशी ठेवली. घरात देवापुढची एक आणि चुलीजवळची एक अशा काडेपेट्या असताना.

"आता ही तिसरी कशाला? काय पेटवायचंय?" लताबाईंनी विचारलं. नियम त्यांना लागू नव्हता.

"उद्या संध्याकाळी पेटवीन म्हणतो."

"साऱ्या गावाला पोरगी सांगू राह्यली पेटवू नका म्हणून, अन् तुम्ही..."

"साऱ्या गावाला सांगू राह्यली ना? सांगू दे," आप्पा म्हणाले. "मला कोणी सांगितलंय?"

आणि त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

हर्षाली ओट्याशी उभी होती. तिला आधी वाटलं, हा नेहमीचा आडमुठेपणा. मग तिने ते वाक्य पुन्हा मनात म्हणून पाहिलं. मला कोणी सांगितलंय? तिच्या चुलतबहिणीच्या लग्नात सख्खे काका असेच तीन दिवस तोंड फिरवून बसले होते. का, तर साऱ्या तालुक्याला पत्रिका गेली आणि घरातल्या माणसाला कशाला पत्रिका म्हणून त्यांनाच दिली नाही. लग्नघरात परके कधी रुसत नाहीत. रुसतात ते घरचे, आणि त्याचं कारणही एकच असतं.

ती मागच्या दाराने बाहेर गेली आणि रविराजला फोन लावला.

"आमच्या घरी कोण आलं होतं सांगायला?"

"तुमच्या घरी?" रविराज म्हणाला. "अहो, ते तर तुमचंच घर. म्हटलं, तुम्ही सांगितलंच असेल."

"मला सांगायची बंदी आहे, रविराज."

"उद्या सकाळीच येतो," रविराज म्हणाला.

बहिरूनानांचा रुसवा जिला लांबून दिसला, तिला स्वतःच्या बापाचा पाठीला पाठ लावून बसलेला रुसवा दिसला नव्हता. साऱ्या गावाच्या उंबऱ्यावर आपल्या लेकीची माणसं जातात आणि आपलाच उंबरा सोडून जातात, हे हा माणूस खिडकीतून बघत होता. जेवताना एकदा म्हणालाही होता, "गाव फिरले म्हणे तुमचे लोक?" आणि ती "हो" म्हणून भाकरी मोडत बसली होती, नियम पाळल्याच्या समाधानात!

दुसऱ्या दिवशी सकाळी रविराज आणि झुंबर दारात उभे राहिले. रविराजच्या हातात तबक, त्यात हळद-कुंकू लावलेल्या अक्षता. आप्पांनी लांबून पाहिलं मात्र, आत जाऊन टोपी घालून आले. रविराज आठवड्यामागेच त्यांच्याकडे पिठलं-भाकरी ओरपून गेला होता. पण आप्पा म्हणाले,

"या, बसा. कोणीकडचे आपण?"

"मी... रविराज, आप्पा. ओझरचा."

"हां हां. ऐकून हाय." आप्पांनी खुर्ची पुढे केली. "काय काम काढलं गरीबाकडं?"

रविराजने घसा साफ केला. स्वयंपाकघराच्या दारात हर्षाली तोंडावर ओढणी धरून उभी. तिला ना बोलता येत होतं, ना हसता. रविराजने छाटणीपासून सुरुवात केली, मातीवर आला, मग धुरावर आला. आप्पा ऐकत होते, मध्येच वकिलासारखे प्रश्न टाकत होते.

"काडीत रोग असला तर? मातीत रोगच पेरायचा का?"

"रोगट काड्या आधीच वेगळ्या काढायच्या, खड्ड्यात पुरायच्या. बाकीच्यांची कुट्टी."

"अन् आमच्या एका ढिगाच्या धुरानं पृथ्वी तापती का?"

"एका ढिगाने नाही, पण... म्हणजे असं की, प्रत्येक जण..." रविराज अडकला.

"प्रत्येक जण म्हणतो माझ्या एकट्यानं काय होतं, म्हणून तर होतं," आप्पांनी वाक्य पुरं करून दिलं. "अन् लोक आकड्याकडं बघून वागत नाहीत, शेजाऱ्याकडं बघून वागतात. पुढं बोला."

हर्षालीने ओढणी खाली घेतली. हे वाक्य तिचं होतं. मागच्या वर्षी गच्चीवर फेऱ्या मारत ती मॅडमशी फोनवर बोलली होती, शब्दाला शब्द तेच. खाली आप्पा बाजेवर डोळे मिटून पडले होते, घोरत होते. निदान घोरण्यासारखा आवाज येत होता.

"तुम्हाला तर सगळं माहितीच आहे, आप्पा," रविराज म्हणाला.

"माहीत असणं वेगळं अन् कोणी येऊन सांगणं वेगळं," आप्पांनी अक्षता घेतल्या, कपाळाला लावल्या. मग आतल्या दाराकडे न बघता जरा मोठ्याने म्हणाले, "लग्न घरचंच असलं तरी अक्षत लागतीच."

दुपारी यंत्र आलं. आप्पांच्या बांधावर ते घरघरायला लागलं तेव्हा रस्त्यावर मोटारसायकली थांबल्या. शेखरने तर चालू कामावरून येऊन व्हिडिओ काढला. ढीग एकामागून एक यंत्राच्या पोटात गेले आणि मागून भुसा होऊन वेलींच्या ओळीत पसरले. आप्पा यंत्रामागून चालत होते, बैलजोडी हाकावी तसे, विनाकारण हातवारे करत. बहिरूनाना बांधावर येऊन उभे राहिले.

"काय सहादू, यंदा पहिला धूर न्हाई?"

"नाना, धूर काय, कोणी बी काढतं," आप्पा म्हणाले.

संध्याकाळी झुंबरचा फोन आला. नावाला पुढे काय लावायचं? सोसायटी, ग्रामपंचायत, भजनी मंडळ, आप्पांकडे कुठलंच पद नव्हतं. त्यांची सारी हयात पहिल्या धुरावर निघाली होती आणि तो तर गेला. हर्षालीला काळजी वाटली, नुसतं नाव पुकारलं गेलं तर पुन्हा पंचाईत. आप्पा फोन घेऊन अंगणाच्या टोकाला गेले. पाठ करून उभे राहिले. काय बोलले ते ऐकू आलं नाही.

दिवे लागायच्या सुमाराला भोंगा खरखरला.

"आंबेतळ्याचे प्रगतिशील बागाईतदार," झुंबरने लग्नातला खास आवाज काढला, "ज्यांनी आज आपल्या संपूर्ण बागेच्या काड्या मातीला अर्पण केल्या, असे..." इथे तो थांबला, कारण थांबायचं कुठे ते त्याला कळतं, "आपल्या गावच्या संशोधक हर्षालीताई विधाते यांचे वडील, सहादू विधाते!"

या गावात आजवर लेक बापाच्या नावाने ओळखली जायची. सहादूची पोरगी, सहादूची थोरली, सहादूची ती शिकलेली. लताबाई हातातली परात तशीच धरून उभ्या राहिल्या. हर्षाली गच्चीवर गेली, कारण खाली सगळ्यांसमोर डोळे पुसण्यात अर्थ नव्हता. आप्पा ओसरीवर बसून तंबाखू मळत होते, काही ऐकलंच नाही असा चेहरा करून. पण टोपी सकाळपासून डोक्यावरून उतरली नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून यंत्राला उसंत मिळेना. नंबर लागले, वशिले लागले. बहिरूनानांनी तर उरलेल्या दोन गुंठ्यांसाठी यंत्र पुन्हा बोलावलं, कारण 'आधारस्तंभ' पुन्हा ऐकायचं होतं. एखादा धूर निघाला नाही असं नाही. गावाबाहेरच्या एका आडरानात कुणीतरी पेटवलंच. पण तो एकटा धूर इतका लाजिरवाणा दिसत होता, की कुणाचा, हे विचारावंही लागलं नाही.

संस्थेत सगळं ऐकून साधना मॅडम खूश झाल्या. पुढच्या वर्षी कळवणकडच्या गावांत हे नेऊ म्हणाल्या, तिथल्या नाव पुकारायच्या रीती हर्षालीनेच जाऊन पाहाव्यात. मग जरा थांबल्या.

"एक आहे. तुझ्या वडिलांचं शेत आकड्यांतून काढावं लागेल. भोंग्यावर तुझं नाव घेऊन त्यांनी केलंय. तो उपाय नाही, ती माया."

हर्षालीला वाद घालता आला असता. तिने घातला नाही. घरी जाऊन आप्पांना सांगितलं. आता नियम उरला नव्हता.

"आप्पा, तुमचं शेत अहवालात नाही घेतलं."

"का बरं? कुट्टी नीट झाली नाय का?"

"झाली. पण तुम्ही माझे वडील म्हणून."

आप्पांनी विचार केला. "बरोबर हे त्यांचं," म्हणाले. "घरच्याला कोण मोजतं?" आणि वर हसले, म्हणजे ते मनाला लागलं नव्हतं.

त्यानंतर पंधरवड्याने सटाण्याकडचा एक जुना ओळखीचा व्यापारी बाग बघायला आला. बांधावर उभा राहून इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि त्याने रीतीप्रमाणे विचारलं, "पोरगी काय करते सध्या?"

आप्पा खाकरले नाहीत. त्यांनी काठीचं टोक वर केलं, छाटणीच्या ऐन हंगामातल्या संध्याकाळच्या आभाळाकडे.

"तिकडं बघा. काय दिसतं?"

व्यापाऱ्याने डोळ्यांवर हात धरून नीट बघितलं. "काहीच नाय."

"तेच करती ती," आप्पा म्हणाले, आणि द्राक्षाच्या ओळीत पुढे चालू लागले.